भांड्याची आतली बाजू

दिवाळी जवळ आली म्हणजे घरोघरची भांडी माळ्यावरून खाली उतरतात. तांब्या-पितळेची पातेली, घंगाळे, समया, पूजेची उपकरणी यांना चिंच आणि राख लागते, आणि घासून-धुऊन ती अंगणात ओळीने मांडली की त्यांचा लखलखाट पाहून गृहिणीच्या श्रमांचे चीज होते. एके काळी याच सुमारास कल्हईवाल्याची आरोळी आळीत ऐकू येई. जमिनीत पुरलेला भाता, फुललेले कोळसे, तापलेल्या पातेल्यात टाकलेल्या नवसागराचा पांढरा धूर आणि त्यापाठोपाठ कापसाच्या बोळ्याने सर्रकन् फिरणारे कथील, हा सोहळा पाहायला पोरांची गर्दी होई. पाहुण्याच्या दृष्टीस पडते ती भांड्याची बाहेरची बाजू. कल्हईवाला मात्र आतल्या बाजूचा कारागीर. पितळेच्या भांड्यात ताक कळकते, आमटी हिरवी पडते, आणि ते अन्न पोटात गेले तर मळमळ होते, एवढे ज्ञान त्याच्या गिऱ्हाइकांना होते. त्यासाठी रसायनशास्त्राचे पुस्तक उघडावे लागले नव्हते.

राजांच्या इतिहासाची पुस्तके पुष्कळ आहेत. भांड्याच्या आतल्या बाजूचा इतिहास मात्र कोणी फारसा लिहीत नाही. वास्तविक माणसाच्या आरोग्याची निम्मी कथा तेथेच घडली आहे. त्यातही एका विशिष्ट प्रकारच्या भांड्याची कथा फार उद्बोधक आहे. घरातील भांड्यांचे ढोबळ मानाने तीन वर्ग पडतात. पहिली शिजवण्याची, त्यांना चूल रोजच्या रोज शुद्ध करते. दुसरी वाढण्याची, त्यांत अन्न घटकाभर राहते. तिसरी आंबवण्याची. दह्याचा सट, दोशाच्या पिठाचे पातेले, लोणच्याची बरणी, सिरक्याचा बुधला, वैद्याचे आसव-अरिष्टाचे भांडे, ताडीचे मडके आणि मोहफुलांचा माठ ही सारी एकाच कुळातली. या भांड्यांत अन्न दिवसेंदिवस राहते, त्याखाली विस्तव नसतो, आणि आपण तेथे एका सूक्ष्म जीवाला आपण होऊन पाहुणा म्हणून बोलावलेले असते. पाहुणा एक बोलवायचा आणि त्याच्याबरोबर शिरू पाहणाऱ्या दहा जणांना दाराबाहेर ठेवायचे, असे हे अवघड यजमानपण आहे. ते माणसाने कसे साधले आणि कोठे गमावले, याची ही हकीकत.

दिवाळीच्या अंकात दारूच्या मडक्याचा उल्लेख काहींना रुचणार नाही. परंतु दह्याचे मडके आणि दारूचे मडके यांचा इतिहास वेगळा काढता येत नाही. एकाची विद्या दुसऱ्याच्या कामी आलेली आहे. म्हणून दोन्ही मडकी शेजारी शेजारी ठेवूनच पाहू.

त्यासाठी यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाकडे, झरी-जामणी तालुक्यातील मुकुटबनकडे जावे. वणीकडून खाली उतरत गेले म्हणजे हा मुलूख लागतो. दक्षिणेला पैनगंगा, नदीपलीकडे तेलंगणातील आदिलाबाद. कापूस आणि तूर यांची शेते, मधून मधून सागवानाचे रान, आणि त्या रानाच्या कडेला कोलामांचे पोड, गोंडांच्या वस्त्या. या भूमीच्या पोटात चुनखडीचा मोठा साठा आहे. वणीजवळच्या राजूरच्या चुन्याच्या भट्ट्या विदर्भात पुष्कळांना ठाऊक आहेत, आणि याच चुनखडीच्या जोरावर २०२२ मध्ये मुकुटबनला सिमेंटचा एक मोठा कारखाना सुरू झाला. जमिनीच्या पोटात चुना आणि जमिनीच्या वर मोहाचे झाड, या दोन गोष्टी मुकुटबनच्या परिसरात शेजारी नांदतात. आपल्या विषयाशी त्या दोन्हींचा संबंध आहे. तो कसा, हे क्रमाक्रमाने दिसेल.

फाल्गुन-चैत्रात मोहाची पाने झडतात आणि मेणासारखी पिवळसर, रसाळ फुले पहाटे टपटप जमिनीवर पडतात. बायका-मुले उजाडण्यापूर्वी टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. वाळवलेले फूल वर्षभर टिकते. ते भाजून खातात, पिठात मिसळून भाकरी करतात, गुरांना घालतात. बियांचे तेल निघते. टंचाईच्या वर्षी या फुलांनी कितीतरी घरे जगवली. फुलात साखर भरपूर, म्हणून ते भिजत घातले की आंबते, आणि आंबलेल्या रसाची दारू निघते. गोंड-कोलामांच्या देवकार्यात, लग्नात आणि मयताच्या विधींत तिला स्थान आहे. देवापुढे ठेवायच्या वस्तूचे भांडे वाटेल तसले चालत नाही, हे कोणत्याही समाजातील माणसाला पटेल.

आंबवण्याची ही विद्या आपल्याकडे केवळ रानातच होती असे नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. उडीद आणि तांदूळ यांच्यापासून विरजणासारखा एक पदार्थ करावयाची रीत तेथे दिली असून त्याला ‘किण्व’ असे नाव आहे. आजच्या शास्त्रीय मराठीतला ‘किण्वन’ हा शब्द त्याच घरचा. त्या प्रकरणातली आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. सुरेवर राज्याचे कडक नियंत्रण सांगणारा कौटिल्य गृहस्थांना मंगलकार्यासाठी श्वेतसुरा आणि औषधासाठी अरिष्ट घरी करण्याची मोकळीक देतो, आणि उत्सव-यात्रांच्या वेळी चार दिवसांची सवलत ठेवतो. घरातील भांड्यावर राजाने किती लक्ष ठेवावे, हा प्रश्न इतका जुना आहे.

वैद्यांनी तर भांड्याची तयारी हा औषधाचाच भाग मानला. औषधी काढा न उकळता आंबवला की आसव, उकळून आंबवला की अरिष्ट, असा स्थूल भेद शार्ङ्गधराच्या परंपरेत सांगतात. त्यासाठी चरकसंहितेत तुपाने मुरवलेले भांडे घ्यायला सांगितले आहे. मातीच्या मडक्याला सहस्र छिद्रे असतात. त्या छिद्रांत मागचा रस शिरून बसतो आणि पुढचा रस बिघडवतो. तुपाचा हात फिरला की ती छिद्रे बुजतात. काही योगांत भांड्याला अगरूसारख्या सुगंधी द्रव्याची धुरी द्यावयाची असते. मग धायटीची फुले घालून, तोंडाला फडके आणि माती लिंपून ते भांडे निवाऱ्याच्या जागी ठेवायचे. छिद्रे बुजवणे, धूर देणे, तोंड बंद करणे हे तीन उपाय आजच्या कारखान्यातल्या शास्त्रज्ञालाही मान्य व्हावेत असे आहेत.

धुरीचा हा उपाय आपल्या आजीच्या हातीही होता. कैरीचे लोणचे घालण्याआधी बरणी गरम पाण्याने धुऊन, कडकडीत उन्हात वाळवून, निखाऱ्यावर हिंग टाकून तिच्यावर पालथी धरावयाची, ही रीत महाराष्ट्रात घरोघर होती. युरोपातील द्राक्षमद्य करणारे लोक आपल्या लाकडी पिंपांत गंधकाची वात पेटवत, तीही याच हेतूने. हिंगाचा उग्र वास गंधकयुक्त द्रव्यांचाच असतो, हे कळल्यावर कोकणातील माजघर आणि फ्रान्समधील तळघर एकमेकांचे नातलग वाटू लागतात. दोघांनाही जंतू ठाऊक नव्हते. कोणत्या भांड्यातील माल टिकतो आणि कोणत्या भांड्यातील नासतो, एवढे मात्र दोघांनी पिढ्यान् पिढ्या पाहिले होते.

अनुभवाच्या या विद्येला एक मोठी मर्यादा होती. नासलेला माल नाकाला कळतो. विषारी भांडे कळत नाही. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात सफरचंदाचा आंबवलेला रस लोक आवडीने पीत. त्या परगण्यात एक विचित्र रोग होता. पोटात भयंकर कळा येत, माणूस फिकट पडे, पुढे हातपाय लुळे होत. सगळे त्या रसाच्या आंबटपणाला दोष देत. १७६७ मध्ये जॉर्ज बेकर नावाच्या डॉक्टराने तपास केला, तेव्हा डेव्हनच्या रसात शिसे सापडले. तेथील चरकांच्या बांधणीत शिसे वापरीत आणि आंबट रस ते हळूहळू विरघळवून घेई. जेथे चरकात शिसे नव्हते तेथे रोगही नव्हता. भांडे रोज धुतले जात असेल, स्वच्छही दिसत असेल. पण ते ज्या धातूचे होते तो धातूच रसात उतरत होता. आपल्या कल्हईचे मर्म हेच. आंबट पदार्थ आणि तांबे-पितळ यांच्यामध्ये कथलाचा पडदा हवा, आणि ते कथील शिशाची भेसळ नसलेले हवे.

मग फ्रान्समध्ये लुई पाश्चर आला. १८५६ च्या सुमारास तो लील शहरी प्राध्यापक होता. बिगो नावाच्या कारखानदाराची तक्रार अशी की, बीटच्या रसापासून मद्यार्क काढण्याच्या आपल्या काही टाक्या नीट चालतात, आणि काहींत मात्र आंबट गिळगिळीत घाण होते. पाश्चरने दोन्ही टाक्यांतले थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरले. चांगल्या टाकीत वाटोळे, अंकुर फुटणारे कण होते, ते यीस्ट. बिघडलेल्या टाकीत बारीक काड्यांसारखे निराळेच जीव वळवळत होते, आणि रसात दुग्धाम्ल झालेले होते. १८५७ मध्ये त्याने दुग्धाम्लाच्या किण्वनावरील निबंध प्रसिद्ध केला. पुढे १८६६ मध्ये द्राक्षमद्यावर आणि १८७६ मध्ये बिअरवर त्याचे ग्रंथ आले. मद्य सुमारे ५० ते ६० अंशांपर्यंत तापवून टिकवण्याची त्याची युक्ती पुढे दुधाला लागू झाली. आज दुधाच्या पिशवीवर ‘पाश्चरीकृत’ असा शब्द आपण वाचतो. लहान मुलाच्या पेल्यातील त्या दुधाला मद्याच्या पिंपाने दिलेली ही देणगी आहे.

पाश्चरमुळे जी गोष्ट स्पष्ट झाली ती अशी की, स्वच्छ आणि निर्जंतुक हे दोन शब्द एकाच अर्थाचे नाहीत. डोळ्यांना दिसणारा मळ काढणे ही पहिली पायरी. न दिसणारे जीव मारणे ही दुसरी. पहिली पायरी गाळून दुसरीवर उडी मारता येत नाही. भांड्याच्या कडेला वाळलेल्या रसाचा चिकट थर राहिला असेल तर औषध त्या थरावरच खर्च होते आणि आतले जंतू सुखरूप राहतात. आधी घासणे, मग धुणे, मग मारणे, हा क्रम आज जगातल्या प्रत्येक मद्यशाळेत आणि दुग्धशाळेत पाळतात.

मारायचे कशाने? येथे मुकुटबनच्या जमिनीतला चुना आपल्या कथेत येतो. चुन्याची निवळी तीक्ष्ण अल्कधर्मी असते आणि पुष्कळ जंतूंना ती सोसत नाही. दिवाळीपूर्वी भिंतींना चुना काढण्याच्या आपल्या रिवाजात शोभेबरोबर आरोग्यही साधत होते. परंतु चुन्याला खरे शस्त्र मिळाले ते क्लोरीनमुळे. शेले या शास्त्रज्ञाने १७७४ मध्ये क्लोरीन वायू तयार केला. स्कॉटलंडच्या चार्ल्स टेनंट याने १७९९ मध्ये विरलेल्या चुन्यात हा वायू शोषवून कोरडी पूड केली आणि तिचे पेटंट घेतले. तीच ब्लीचिंग पावडर. ती निघाली कापड पांढरे करण्यासाठी. तिचा दुसरा उपयोग १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस याने करून दाखवला. बाळंतिणींना तपासण्यापूर्वी डॉक्टरांनी क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुतलेच पाहिजेत, असा त्याने दंडक घातला. त्याच्या विभागात त्या एप्रिल महिन्यात शेकडा १८ हून अधिक बाळंतिणी दगावल्या होत्या. जून-जुलैत ते प्रमाण शेकडा दोनच्या आसपास आले.

हिंदुस्थानात हे शास्त्र आधी विहिरीत उतरले. आग्र्याच्या प्रयोगशाळेतील अर्नेस्ट हॅन्किन याने १८९० नंतरच्या दशकात पटकीच्या साथीत विहिरींत पोटॅशियम परमँगनेट टाकण्याचा प्रघात पाडला. विहिरीचे पाणी लाल दिसू लागले की लोक बिचकत. पुढे ब्लीचिंग पावडर आली आणि ती आजही खेडोपाडी पावसाळ्यात टाकली जाते. चांगल्या प्रतीची अडीच ग्रॅम पूड साधारण १,००० लिटर पाण्याला पुरते आणि तासभर थांबावे लागते. पाणी गढूळ असेल तर ती अधिक लागते, कारण येथेही औषध आधी घाणीवर खर्च होते.

तात्पर्य, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मनुष्याला आंबवण्याच्या भांड्याचे गुपित कळले होते. ज्ञान होते, चुना होता, मडके होते. तरीही त्याच काळात आपल्या देशातील दारूचे भांडे अधिक घाण, अधिक धोक्याचे झाले. याचे कारण शास्त्रात नव्हे, कायद्यात शोधावे लागते.

मुंबई इलाख्यात १८७८ चा अबकारी कायदा आला. सरकारी उत्पन्न वाढवणे हा त्याचा मोठा हेतू होता. घरोघरी आणि गावोगावी निघणारी दारू बंद करून ती मोठ्या, नियंत्रित भट्ट्यांतून काढायची, आणि ठरलेल्या दुकानांतून कर लावून विकायची, अशी ही योजना. मोहाच्या दारूच्या अशा भट्ट्या कुलाब्याजवळील उरणला होत्या. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील आदिवासींनी घरची भट्टी सोडली नाही, तेव्हा १८९२ च्या मोह कायद्याने मोहफुले गोळा करण्यावर व साठवण्यावरच बंधने आली. जे फूल टंचाईत अन्न होते ते बाळगणे गुन्हा ठरू लागले.

मुकुटबनचा मुलूख तेव्हा मुंबईच्या कायद्याखाली नव्हता. तो वऱ्हाडात मोडे. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभारात होते, आणि यवतमाळ हे नाव १९०५ मध्ये पडण्यापूर्वी या जिल्ह्याला वणीचेच नाव होते. पण वारे तेच होते. मध्यप्रांत आणि वऱ्हाडातही ठेकेदार, परवाने आणि मोठ्या भट्ट्या यांची व्यवस्था क्रमाने दृढ होत गेली. १९३८ मध्ये तेथील काँग्रेस मंत्रिमंडळाने दारूबंदीचा कायदा केला. तो गांधीजींच्या प्रेरणेचा होता. त्याचा हेतू महसुलाचा नव्हता, लोककल्याणाचा होता. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला, आणि त्याच्याच चौकटीत परवान्याशिवाय दारू गाळणे आज महाराष्ट्रात गुन्हा आहे.

हेतू वेगवेगळे असले तरी मडक्यावर झालेला परिणाम एकच. भट्टी अंगणातून उठली आणि नाल्यात, झुडपात, रात्रीच्या अंधारात गेली. मातीचा माठ जड आणि नाजूक. तो घेऊन पळता येत नाही. त्याच्या जागी रॉकेलचा डबा आला, पुढे रसायनांची रिकामी पिंपे आली. कोणत्याही क्षणी धाड पडेल या भीतीने पेटवलेल्या भट्टीजवळ भांडे घासायला, उन्हात ठेवायला, धुरी द्यायला कोणाला उसंत? देवासाठी आणि पाहुण्यासाठी दारू काढणारा माणूस स्वतःही तीच पीत असे. अनोळखी गिऱ्हाइकासाठी काढणाऱ्याला तेवढीही लाज उरली नाही. मोहफुलाची जागा काळ्या गुळाने घेतली आणि त्यात नवसागर पडू लागला. जो नवसागर कल्हईवाल्याच्या हातात भांड्याची आतली बाजू शुद्ध करीत होता, तोच पिण्याच्या रसात टाकला जाऊ लागला. एकाच पदार्थाचे असे अधःपतन क्वचितच पाहायला मिळते.

पुढची पायरी त्याहून भयंकर. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे मेली. तिच्यात मिथेनॉल होते. मिथेनॉल हे कारखान्यातले विष आहे. ते कोठल्या मळक्या मडक्यात तयार झाले नव्हते आणि कोणतेही भांडे कितीही उकळले तरी ते जाणारे नव्हते. स्वच्छता हा विषावरचा उतारा नव्हे. परंतु ज्या व्यवहारात कोणीच भांड्यात डोकावून पाहू शकत नाही, त्यातच असे विष खपते, हे नाकारता येत नाही.

दुसरी बाजूही तेवढ्याच प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. दारूने उजाड झालेल्या संसाराचे दुःख ज्यांनी सोसले त्या बायकांनीच विदर्भात दारूबंदीच्या चळवळी उभ्या केल्या. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ मध्ये बंदी आली. वणीच्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. यवतमाळ जिल्ह्यातील स्त्रियांनीही बंदीसाठी मोर्चे काढले. ज्या घरात नवऱ्याची मजुरी गुत्त्यात जाते, तेथल्या बाईला भांडे स्वच्छ होते की अस्वच्छ, हा प्रश्न पडत नाही. तिच्या रागाला इतिहासापाशी उत्तर नाही, आणि ते देण्याचा आवही कोणी आणू नये. इतिहास एवढेच दाखवतो की, पिणे थांबवणे आणि भांडे लपवायला लावणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली साधली नाही आणि दुसरीच साधली, तर तोटा त्याच गरीब घराचा होतो.

भांडे उजेडात आले म्हणजे काय होते याचीही उदाहरणे आहेत. इंग्लंडमध्ये १९६३ साली घरी बिअर करण्यावरील परवान्याची अट उठली. अमेरिकेत १९७८ मध्ये तसाच कायदा होऊन तो पुढच्या वर्षी अमलात आला. ऊर्ध्वपातन, म्हणजे दारू गाळणे, तेथेही मोकळे झाले नाही; मोकळीक मिळाली ती केवळ आंबवण्याला. त्यानंतर त्या देशांत या छंदावर जी पुस्तके निघाली त्यांत पहिला धडा बहुधा भांडी निर्जंतुक करण्याचा असतो. आपल्याकडे गोव्याच्या काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक चिन्हांकन मिळाले. गावची भट्टी ही लपवायची गोष्ट न राहता नाव राखायची गोष्ट झाली, आणि नाव राखायचे म्हणजे भांडे राखणे आलेच. नाशिकच्या द्राक्षमद्यशाळांत तर पोलादी टाक्या धुणे हेच मोठे काम असते. आधी पाणी, मग दाहक सोड्याचे द्रावण, मग पुन्हा पाणी, मग सोड्याचा अंश मारायला सायट्रिक आम्ल, आणि शेवटी गंधकयुक्त क्षाराचे पाणी किंवा वाफ. क्लोरीन तेथे सहसा टाळतात, कारण तो पोलादाला खड्डे पाडतो आणि त्याचा अंश लाकडाशी व बुचाशी गाठ पडली की मद्याला बुरशीचा वास येतो. पिंपातली गंधकाची वात आणि बरणीतली हिंगाची धुरी या क्षाराच्या रूपाने अजून जिवंत आहेत. त्याची वाफ दमेकऱ्याला बाधते, म्हणून ते काम खिडक्या उघड्या ठेवूनच करतात.

आंबवण्याच्या मोठ्या टाकीत आणखी एक अदृश्य धोका असतो. यीस्ट साखर खाते तेव्हा कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो. तो हवेपेक्षा जड, म्हणून टाकीच्या तळाशी साचतो, आणि धुण्यासाठी आत उतरलेला माणूस गुदमरतो. आपल्या खेड्यांत बंद पडलेल्या विहिरीत उतरण्यापूर्वी कंदील सोडून पाहत, तो याच भीतीने. आता कंदिलावर विसंबत नाहीत. आत वारा सोडून, वायूचे माप घेऊन, बाहेर सोबती उभा करून मगच माणूस उतरवतात.

हा सारा इतिहास सामान्य घराच्या उपयोगी कसा पडतो? आपल्या घरी मद्य होत नसेल. पण दही लागते, इडलीचे पीठ फुगते, लोणचे मुरते, एखादी हौशी सून सिरका करून पाहते. तिला चार गोष्टी सांगून ठेवाव्यात. आंबट पदार्थाला काच, चिनीमाती किंवा चांगले पोलाद बरे. कल्हई उडालेले पितळ आणि ॲल्युमिनियम नको. ॲल्युमिनियमला धुण्याचा सोडाही खातो. मातीच्या मडक्याला साबण आणि औषधे पाजू नयेत. ती त्याच्या छिद्रांत राहतात. त्याला उकळते पाणी आणि कडक ऊन पुरे. चरे पडलेला प्लॅस्टिकचा डबा कितीही धुतला तरी चऱ्यांत जंतू राहतात, तो आंबवण्याला वापरू नये. काचेची बरणी थंड असताना तिच्यात एकदम उकळते पाणी ओतू नये. कोमट पाण्यापासून चढत जावे. आणि ज्या भांड्यात निर्जंतुक करून ठेवायचे ते पुसायला मळका पंचा घेतला, तर सारे केलेले वाया जाते. ते उन्हात पालथे घालून आपोआप वाळू द्यावे.

सर्वांत महत्त्वाची सूचना दिवाळीच्या सफाईपुरती आहे. ब्लीचिंग पावडर किंवा तिचे बाटलीतले भावंड, चिंच, लिंबू, सिरका किंवा मोरीचे आम्ल यांच्याशी कधीही मिसळू नये. दोन्हींनी सफाई होते म्हणून दोन्ही एकत्र केली तर दुप्पट सफाई होईल, असा भाबडा हिशेब पुष्कळ जण करतात. आम्ल पडताच त्या पुडीतून क्लोरीन वायू सुटतो. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने शत्रूवर सोडला होता तोच हा वायू. नवसागर किंवा अमोनिया यांच्याशी तिची गाठ पडली तरी छातीला लागणारा वायू होतो. बंद मोरीत हा प्रयोग जिवावर बेततो. एका वेळी एकच पदार्थ, मध्ये भरपूर पाणी, आणि खिडकी उघडी, एवढे नियम पाळले की पुरे.

मोहफुलावरील जुन्या बंधनांचेही शेवटी काय झाले ते सांगायला हवे. फुले गोळा करण्यावरचे व साठवण्यावरचे बरेचसे निर्बंध महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये उठवले. दारू गाळण्याची परवानगी त्यात नव्हती. ती असावी की नसावी, हा वाद चालत राहील. पण पहाटे टोपली घेऊन निघालेल्या बाईला आपल्या झाडाखालचे फूल उचलताना चोरासारखे वाटू नये, एवढे तरी झाले. त्या फुलाचे आज लाडू होतात, मुरंबा होतो, सरबत होते. त्यांच्या बरण्या उघड्यावर धुतल्या जातात, उन्हात वाळवल्या जातात, आणि कोणीही येऊन त्यांत डोकावून पाहू शकतो. भांड्याची आतली बाजू स्वच्छ राहायची तर ती दाखवण्याची भीती वाटता कामा नये, एवढे या सर्व इतिहासाचे सार आहे.